बीपी मध्येच पडतो म्हणजे बाबांचे दिवस भरत आले का?

पत्र: "ताई, आम्ही भांडुपला राहतो. बाबा ६४ वर्षांचे, बेस्टमधून बस कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, शुगर वीसेक वर्षांपासून आहे आणि आता दोन वर्षं डायलिसिसवर आहेत. सोम-बुध-शुक्र, दुपारची शिफ्ट, चार तास. गेले तीनचार महिने तिसऱ्या तासाला त्यांचा बीपी एकदम पडतो, १४० वरून ८५ वर येतो, घाम सुटतो, पायात गोळे येतात, मग सलाईन देतात आणि बऱ्याचदा अर्धा तास आधीच मशीन बंद करतात. सोमवारी तर हमखास. घरी आले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवेच. बीपी लो होतो म्हणून आई निघताना मीठ-साखरेचं सरबत देते. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५८ आहे, सोमवारी वजन ६१ च्या वर असतं. माझ्या चुलतभावाने इंटरनेटवर वाचलं की डायलिसिसमध्ये ज्यांचा बीपी पडतो ते लवकर जातात. हे खरं आहे का? किती दिवस आहेत आमच्याकडे? बीपीची गोळी बंद करू का? बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही."

अगं, आधी तुझ्या चुलतभावाचं बोलूया, कारण ते वाचल्यापासून तुझी झोप गेलीय हे पत्रावरून कळतंय. त्याने वाचलं ते खोटं नाही. डायलिसिस चालू असताना वरचा बीपी ९० च्या खाली जाणं आणि पेशंट पुढे किती जगतो याचा संबंध मोठमोठ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलाय. २००४ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी दोन वर्षं पेशंटवर लक्ष ठेवून हेच दाखवलं, २०१५ मध्ये अमेरिकेत लाखाच्या घरात नाही पण हजारो पेशंटचे आकडे घेऊन "बीपी पडला" म्हणजे नक्की किती पडला याच्या वेगवेगळ्या व्याख्या ताडून पाहिल्या, तर त्यात हा ९० चा आकडाच सगळ्यात जास्त बोलका निघाला. पण त्यांनी एखाद्या दिवशी पडलेला बीपी धरला नव्हता, दहातल्या तीन किंवा जास्त सेशनमध्ये पडतो अशी माणसं बघितली होती. तुझ्या बाबांचा दर सोमवारी पडतो म्हणजे ते त्या हिशोबात बसतात, हे मी तुला गोड बोलून लपवणार नाही.

पण त्या आकड्यावरून "किती दिवस" हे काढता येत नाही, आणि कुणी काढून दिलं तर विश्वास ठेवू नकोस. बीपी पडतो म्हणून माणूस जातो, की हृदय आधीच थकलेलं आहे, शुगरने नसा खराब झाल्यात, अंगात ताकद नाही म्हणून बीपी पडतो, हे दोन्ही त्या आकड्यांत एकत्र मिसळलेलं असतं. तुझ्या हातात काय आहे तर त्यातला जो भाग बदलता येतो तो बदलणं, आणि तुझं पत्र वाचून मला वाटतं तुमच्याकडे बदलण्यासारखं भरपूर आहे. मी डॉक्टर नाही, डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर इन्चार्ज होते, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचाच, पण तिसऱ्या तासाला पडणाऱ्या बीपीचं गणित मला चांगलं माहितीये.

गणित म्हणजे खरंच गणित, कागद घे. सोमवारी बाबा समज ६१.२ किलो भरले, ड्राय वेट ५८, म्हणजे ३.२ लिटर पाणी काढायचंय. चार तासांत म्हणजे तासाला ८०० मिली. आता हे ८०० भागिले ५८ कर, १३.८ येतं. म्हणजे वजनाच्या एका किलोमागे तासाला पावणेचौदा मिली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या हेमो नावाच्या ट्रायलमधल्या १,८४६ पेशंटचे आकडे याच हिशोबाने तपासले गेले, तेव्हा ज्यांचं पाणी १३ च्या वर वेगाने काढलं जात होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका १० च्या आत असणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट दिसला, आणि हृदयाच्या कारणाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये तर फरक आणखी मोठा. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी १३ ही लाल रेघ मानतात आणि १० च्या आसपास राहिलं तर उत्तम. तुझे बाबा सोमवारी रेघेच्या पलीकडे आहेत आणि बुधवार-शुक्रवारी बहुतेक अलीकडे, म्हणूनच सोमवारी हमखास. बीपीने तुला वार सांगितलाय, त्याच्याकडे नीट बघ.

असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप कळेल. ५८ किलोच्या माणसात रक्त साधारण चार लिटर, त्यातला पातळ भाग जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर. मशीन काढतं सव्वातीन लिटर! मग माणूस जिवंत कसा राहतो, तर मशीन जे ओढतं ते फक्त रक्तातून, आणि पायांत, पोटात, मांसात साठलेलं पाणी मागून हळूहळू रक्तात येत राहतं. आपल्या बिल्डिंगच्या टाकीसारखंच आहे हे, महापालिकेची लाईन बारीक धारेने खालची टाकी भरत असते आणि वरचा पंप दणादण उपसत असतो, उपसा भरण्यापेक्षा जोरात झाला की टाकी कोरडी. तिसऱ्या तासाला बाबांची टाकी कोरडी पडते. अंगात पाणी असतं, पाय सुजलेलेही असतील, पण रक्तात नसतं. धडधाकट माणसाच्या रक्तवाहिन्या अशा वेळी आवळतात, हृदय जोरात धडधडतं आणि बीपी सावरला जातो, पण वीस वर्षांच्या शुगरने त्या नसांचा ताबाच गेलेला असतो, त्यामुळे सावरायला कुणी नसतं आणि बीपी धाडकन १४० वरून ८५.

आणि तेवढ्या वेळात हृदयाला रक्त कमी मिळतं. हृदयाचा एखादा भाग काही काळ नीट आकुंचनच पावत नाही, डॉक्टर त्याला स्टनिंग म्हणतात, डायलिसिस चालू असताना इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलंय. एकदा झालं तर तो भाग सुधारतो, पण आठवड्याला पुन्हापुन्हा होत राहिलं तर हृदय कायमचं थकत जातं. मेंदूचं, आतड्यांचं तेच. थोडीफार लघवी होत असेल तर तीही यामुळेच लवकर बंद होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आडवं पडणं हा बाबांचा आळस नाही, घरात कुणी तसं म्हणत असेल तर थांबव.

आता अर्धा तास आधी मशीन बंद करण्याबद्दल. मला माहितीये हे कसं होतं, पायात गोळे आलेत, माणूस विव्हळतोय, "बंद करा, मला घरी सोडा" म्हणतोय, पुढच्या शिफ्टचा पेशंट बाहेर बाकावर बसलाय, आणि नातेवाईकसुद्धा म्हणतो की आजच्या दिवस राहू दे, पुन्हा संध्याकाळची लोकल गर्दीची होते. पण हिशोब बघ. अर्धा तास आधी बंद म्हणजे चारशे मिली पाणी आत राहिलं, वर बीपी पडल्यावर दोनअडीचशे मिली सलाईन गेलं, म्हणजे सहा-साडेसहाशे मिली बाबा परत घरी घेऊन आले, ते बुधवारच्या वजनात बसणार आणि बुधवारचा वेगही वाढणार. शिवाय रक्त साफ व्हायचं राहिलं ते वेगळंच. ज्याचा बीपी पडतो त्याला वेळ कमी करून चालत नाही, त्याला वेळ जास्त लागतो. तेच ३.२ लिटर पाच तासांत काढलं तर वेग ११ वर येतो, साडेचार तासांत सव्वाबारावर. मशीन तेच, पाणी तेच, फक्त घाई कमी.

सेंटरमध्ये तुला पहिलं उत्तर मिळेल की शिफ्ट चार तासांचीच आहे. मुंबईत मशीनमागे रांग असते, त्यांचंही खोटं नाही. पण तीन गोष्टी विचारता येतात, निदान सोमवारपुरता शेवटच्या शिफ्टला स्लॉट मिळेल का, कारण त्यानंतर कुणी यायचं नसतं आणि अर्धा-पाऊण तास वाढवता येतो, दुसरं म्हणजे पाणी फारच वाढलं असेल त्या आठवड्यात चौथं सेशन मिळेल का, नुसतं पाणी काढण्यापुरतं असलं तरी चालेल, आणि तिसरं, सोमवारचं सगळं पाणी सोमवारीच काढायचा हट्ट न धरता थोडं बुधवारी आणि थोडं शुक्रवारी वाटून काढता येईल का. हे तिसरं डॉक्टरांनी बाबांना श्वास लागतो का, पाय किती सुजलेत ते बघून ठरवायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होत असेल तर जादा सेशनचं काय, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आधी विचार, नंतर बिलावरून भांडण नको.

आणि आता आईचं सरबत.

आईला ओरडू नकोस, तिने आयुष्यभर हेच पाहिलंय, बीपी लो म्हणजे मीठ-साखर-पाणी. ज्याची किडनी चालते त्याला ते चालतं. डायलिसिसच्या पेशंटमध्ये मीठच पाणी आणून सोडतं. साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर एक लिटर पाणी धरून ठेवतं आणि तहान अशी लागते की माणूस रात्री उठून गुपचूप माठाशी जातो, मग पाणी वाढतं, मग मशीन जोरात ओढतं, मग बीपी पडतो, मग आई पुन्हा सरबत करते. वर साखर, आणि शुगर वाढली की तहान आणखी वाढते, म्हणजे त्या एका ग्लासात दोन्ही बाजूंनी घोटाळा आहे. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यातच भाजी-आमटी-भाकरी सगळं आलं. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, वडापावची सुकी चटणी, बेकरीची खारी बिस्किटं हे त्या चमच्यात मावतच नाही, आणि सुके बोंबील, खारा बांगडा असलं काही पावसाळ्यात घरात शिजत असेल तर बाबांच्या ताटात नकोच. डायलिसिसवर आल्यावर मासळी पूर्ण सोडा असं मी म्हणत नाहीये, ताजी मासळी खाऊ दे, प्रोटीन त्यांना हवंच आहे, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन कमी असेल तर बीपी आणखी पडतो.

एक मात्र कटाक्षाने बघ, बाजारात "लो सोडियम मीठ" मिळतं ते आणू नकोस. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि डायलिसिसच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. तीच गोष्ट शहाळ्याची. अशक्तपणा आला की मुंबईत पहिलं कुणीतरी शहाळं घेऊन येतं, प्रेमाने आणतात, पण बाबांना नको.

तुमच्याकडे सोमवारी वजन का वाढतं याचं अर्धं उत्तर शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार दुपार एवढी लांब सुट्टी, आणि उरलेलं अर्धं बहुधा रविवारच्या जेवणात आहे. लांब सुट्टीचा त्रास तुमच्याच घरातला नाही, २०११ च्याच अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आठवड्यातल्या त्या लांब गॅपनंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाच्या ॲडमिशन दोन्ही जास्त दिसले होते. म्हणून रविवार सांभाळायचा. मटण करायचं तर बाबांचा वाटा मीठ घालायच्या आधी काढा, रस्सा वाटीभर नको, फोडी दोनच. पाणी किती प्यायचं याचा ढोबळ नियम असा की दिवसभरात जेवढी लघवी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवायचा, नक्की आकडा डॉक्टर देतील. तेवढं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेव, चहा-ताक-आमटी-औषधाबरोबरचा घोट सगळं त्यातूनच वजा, बाटली संपली की संपलं. बर्फाचा खडा चघळला तर बरं वाटतं पण तोही पाणीच आहे, मोजायचा. सोमवारचं वजन ६०.३ वर आलं तर मघाचंच गणित पुन्हा कर, चार तासांतही वेग १० च्या आत येतो. म्हणजे स्लॉट नाही मिळाला तरी घरात बसून अर्धं काम होतं.

याच्यावर खूप लिहिलं कारण बाकी सगळ्यापेक्षा जास्त फरक इथे पडतो असं माझं मत आहे.

दुसरी मोठी गोष्ट ड्राय वेट. ५८ हे कधी ठरलंय? दोन वर्षांपूर्वीचं असेल आणि मध्ये कुणी बघितलंच नसेल तर तिथेच गोम असू शकते. माणसाची भूक सुधारली, अंगाला मांस लागलं, तर त्याचं खरं वजन साडे-एकोणसाठ झालेलं असतं आणि मशीन मात्र त्याला ५८ वर आणायला बघतं, म्हणजे नसलेलं पाणी पिळून काढतं. शेवटच्या तासात गोळे येणं, बीपी पडणं, घरी आल्यावर आवाज बसणं, दिवसभर गळून जाणं, पायावर सूज अजिबात नसणं, हे सगळं असेल तर ड्राय वेट कमी लावलं असण्याची शक्यता आहे. उलट मांस झडलं असेल तर वजन ५८ दिसतं पण त्यात पाणी लपलेलं असतं. हे नुसत्या नजरेने कळत नाही, डॉक्टर पाय बघतील, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफीत मोठी शीर किती फुगलीय ते बघतील, काही सेंटरमध्ये शरीरातलं पाणी मोजायचं बायोइम्पिडन्सचं मशीनही असतं. "गेल्या तीन महिन्यांपासून बीपी पडतोय, ड्राय वेट पुन्हा बघाल का" एवढं एक वाक्य ओपीडीत बोल, हे वाक्य कुणी बोलतच नाही म्हणून ते राहून जातं.

आणि वजनकाट्याकडे जरा लक्ष दे गं. पावसात भिजलेली पँट, खिशात मोबाईल, पाकीट, किल्ल्यांचा जुडगा, पायात चपला, असं करून माणूस काट्यावर उभा राहतो आणि ते सातआठशे ग्रॅम पाणी समजून काढलं जातं. दर वेळी तेच हलके कपडे, खिसे रिकामे, चपला बाहेर, आणि आधीचं-नंतरचं वजन त्याच काट्यावर.

बीपीची गोळी. स्वतःहून बंद करायची नाही, एकदम तर नाहीच. काही गोळ्या अशा असतात की अचानक थांबवल्या तर बीपी उसळतो, छातीत दुखू शकतं. पण विचारायचं नक्की, की डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी सेशन झाल्यावर किंवा रात्री घेतली तर चालेल का. बऱ्याच पेशंटना डॉक्टर हा बदल करून देतात, सगळ्यांना नाही देत, कारण काही जणांचा बीपी त्यामुळे सेशनच्या आधीच २०० ला जातो. ओपीडीत जाताना गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी नको नेऊ, सगळी पाकिटंच पिशवीत घालून ने. ६४ वर्षांच्या पुरुषाला प्रोस्टेटची गोळी दुसऱ्याच कुठल्यातरी डॉक्टरने दिलेली असते, त्यातल्या काहींनी बीपी खाली येतो, आणि नेफ्रॉलॉजिस्टला त्याचा पत्ताच नसतो. काहींना सेशनच्या आधी घ्यायची बीपी वर धरणारी मिडोड्रीन नावाची गोळी देतात, ती देता येईल का हा डॉक्टरांचा विषय, शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी दिली म्हणून घ्यायची नाही.

एक तपासणी मात्र मागून घे, टूडी इको. तीनचार महिन्यांत नवीन सुरू झालेला त्रास आहे म्हणून. पूर्वी न पडणारा बीपी अचानक पडायला लागला तर हृदयाचं पंपिंग कमी झालंय का, हृदयाभोवती पाणी साठलंय का, कुठे इन्फेक्शन दबा धरून बसलंय का, हिमोग्लोबिन घसरलंय का, हे बघायलाच हवं. त्यातलं काही निघालं तर पाणी-मीठ कितीही सांभाळलं तरी बीपी पडतच राहील. ईसीजी आणि हिमोग्लोबिन त्याच दिवशी होऊन जातात.

आता खुर्चीतलं थोडं. दुपारची शिफ्ट म्हणजे डबा सोबत असणार. खाल्लं की रक्त पोटाकडे जातं आणि बीपी आणखी खाली येतो, शुगरच्या पेशंटचा तर जास्तच, म्हणून ज्याचा बीपी पडतो त्याने मशीनवर असताना भरपेट जेवू नये. निघायच्या दोन तास आधी घरी नीट जेवायचं, इन्सुलिन-गोळीचं वेळापत्रक त्याप्रमाणे डॉक्टरांकडून बसवून घ्यायचं म्हणजे साखर खाली जायची भीती नाही, कारण साखर पडली तरी घाम आणि चक्कर सारखीच असते, आणि कुणी तपासल्याशिवाय ती बीपीची की शुगरची हे कळत नाही. मशीनमधल्या पाण्याचं तापमान ३७ वरून ३६ किंवा साडेपस्तीसवर आणलं तर रक्तवाहिन्या आवळतात आणि बऱ्याच जणांचा बीपी टिकतो. कॅनडात हजारो पेशंटवर याची मोठी ट्रायल झाली, मायटेम्प नावाची, २०२२ मध्ये निकाल आला, त्यात सगळ्यांनाच सरसकट थंड पाणी देऊन जीव वाचले असं काही दिसलं नाही आणि लोकांना थंडी मात्र वाजली. पण ज्याचा बीपी खरंच पडतो त्याच्यासाठी करून बघायला हरकत नसते, विचार, आणि सोबत शाल दे. काही ठिकाणी बीपी धरायला मशीनमधलं सोडियम वाढवतात, त्या दिवशी बरं वाटतं पण तेच मीठ अंगात जातं आणि रात्री तहान, तर तसं करत असतील तर किती दिवस करणार हेही विचारून ठेव.

बीपी पडायच्या आधी शरीर सांगतं. जांभया सुरू होतात, एकामागून एक. बडबडा माणूस गप्प होतो, नाहीतर उगाच चिडतो, पोटात कळ, मळमळ, पायाची बोटं वळायला लागतात. आपली वडीलधारी माणसं त्या वेळी "काही नाही, काही नाही" म्हणत बसतात कारण सिस्टरला त्रास नको. बाबांना सांग की तिसरी जांभई आली की हाक मारायची. तेव्हाच पाणी ओढणं थांबवून, खुर्ची आडवी करून, पाय वर केले तर कित्येकदा सलाईनची वेळच येत नाही, आणि मशीन बंद करायची तर नाहीच नाही, थोडं थांबून कमी वेगाने पुन्हा चालू करता येतं. छातीत दुखलं, श्वास लागला, शुद्ध हरपली तर मात्र ते नेहमीचं बीपी पडणं समजायचं नाही, तिथल्या तिथे डॉक्टर बोलवायचे.

संपल्यावर लगेच उठून स्टेशन गाठायचं नाही. पाच मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, मग उभं करून बीपी घ्यायला सांगायचं, कारण बसल्यावर ११० असलेला उभं राहिल्यावर ९० होतो आणि जिन्यात माणूस कोसळतो. मघाशी म्हटलं त्या जपानच्या अभ्यासात सेशननंतर उभं राहिल्यावर बीपी पडणाऱ्यांचंही पुढचं चांगलं नव्हतं, त्यामुळे हा आकडा फाईलवर लिहून घे. संध्याकाळी सहाच्या लोकलला त्यांना चढवू नका, शेअर रिक्षा तरी करा.

घरी आल्यावर आणि झोपायच्या आधी फिस्टुल्यावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया जिथे टोचतात त्या हातातल्या जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवून बघायचं, थरथर लागतेय ना. बीपी फार खाली गेला की फिस्टुला गुठळीने बंद पडू शकतो. थरथर लागली नाही तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन, लगेच हॉस्पिटल, काही तासांत गेलं तर वाचवता येतो, दोन दिवसांनी गेलं तर मानेत कॅथेटर म्हणजे नळी आणि नवीन ऑपरेशन. त्या हातावर झोपायचं नाही, घट्ट बाही नको, त्या हाताचा बीपी कुणाला घेऊ द्यायचा नाही.

राहिलं बाबांना सांगायचं का. माझं मत विचारशील तर सांग, पण इंटरनेटवरचं ते वाक्य नको, गणित सांग. ज्या माणसाने पस्तीस वर्षं बसमध्ये तिकिटांचा हिशोब लावलाय त्याला ३.२ भागिले ४ भागिले ५८ समजावायला तुला दोन मिनिटं लागणार नाहीत. "पाणी कमी प्या" असं सगळे दोन वर्षं सांगतायत, ते कानावरून जातं. "सोमवारी ६०.३ आलात तर गोळे येणार नाहीत" हे त्यांना पटेल, आणि वहीत रोज सकाळचं वजन त्यांनीच लिहावं, तू नको.

इतकं करूनही बीपी पडतच राहिला तर डॉक्टरांशी दुसऱ्या रस्त्यांचं बोल. पोटाचं डायलिसिस घरी होतं, रोज थोडंथोडं पाणी निघतं त्यामुळे असे झटके बसत नाहीत, बाबांना झेपेल का ते पोट बघून ठरतं. ट्रान्सप्लांटसाठी नाव अजून लावलं नसेल तर हृदयाची तपासणी होतच आहे तर तेव्हाच विचारून घे, मुंबईत झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या संस्थेच्या, यादीत हॉस्पिटलमार्फत नाव जातं आणि रांग मोठी असते, ६४ वय आहे म्हणून आपणच आधी नाही म्हणू नये.

तीन आठवड्यांची वही भरली की आधीचं वजन, नंतरचं वजन, सगळ्यात खालचा बीपी आणि मशीन किती वाजता बंद केलं, एवढे चार आकडे घेऊन ओपीडीत जा आणि मलाही कळव, ड्राय वेट बदललं का तेही लिही.